परावर्तक दुर्बीण, कॅमेरा आणि नाभीचे स्थान : पुणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात घराच्या गच्चीवर परावर्तक दुर्बीण उभी करणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या बोलण्यात एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘फोकस लागत नाही.’ दुर्बिणीस नेत्रिका लावून पाहिले असता चंद्राचे डोंगर व विवरे स्पष्ट दिसतात. नेत्रिका काढून त्याच जागी कॅमेरा बसविला म्हणजे मात्र धूसर प्रकाशाची एक चकती तेवढी उमटते. नळी आत सरकविली की ती चकती लहान होत जाते, म्हणजे दिशा बरोबर असते. परंतु प्रतिमा रेखीव होण्यापूर्वीच नळी दुर्बिणीच्या अंगाला टेकते आणि आणखी आत जाण्यास जागा उरत नाही. अशा वेळी आरशात दोष असावा किंवा कॅमेरा निकृष्ट असावा अशी शंका प्रथम येते. वस्तुतः दोन्ही निर्दोष असतात. आरसा प्रतिमा निर्माण करतोच. ती कॅमेऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यापूर्वी नळीच्या आतच तयार होते, एवढेच.

ही अडचण क्षुल्लक वाटली तरी तिच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. परावर्तक दुर्बीण मुळात डोळ्यासाठी रचली गेली. पुढे डोळ्याच्या जागी छायाचित्रणाची काच, वर्णपटदर्शकाची फट आणि अखेर इलेक्ट्रॉनिक संवेदक आले. प्रत्येक वेळी आरसा हलवावा, नळी हलवावी की मध्ये नवे भिंग घालावे, हा प्रश्न पुन्हा सोडवावा लागला. दुर्बिणीची नाभी ही उपकरणाच्या कर्त्याने एकदाच ठरवून दिलेली जागा नसून ग्रहण करणारे साधन बदलताच पुन्हा ठरवावी लागणारी जागा होय, हे या इतिहासावरून दिसते. पुणे आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेशाच्या संदर्भात हा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची साक्ष

प्रथम संज्ञांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आला. ‘दूर’ आणि ‘पाहणे’ या अर्थाचे ‘बीन’ अशी त्याची घडण असल्याने पाहणारा डोळा या शब्दातच गृहीत धरलेला आहे. ‘आरसा’ हा संस्कृत ‘आदर्श’ शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज. ‘फोकस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘चूल’ असा होतो. केप्लरने १६०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशशास्त्रविषयक ग्रंथात शंकुच्छेदांतील विशिष्ट बिंदूंसाठी तो योजिला. ‘कॅमेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये खोली. चूल आणि खोली यांची एकमेकांशी जुळणी करावयाची, असा प्रस्तुत प्रश्न शब्दशः मांडता येतो.

मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘फोकस’साठी ‘नाभी’ ही संज्ञा स्वीकारली आहे. संस्कृतात ‘नाभि’ म्हणजे बेंबी आणि चाकाचा तुंबाही. चाकाचे आरे जसे तुंब्यात एकवटतात तसे किरण नाभीत एकवटतात. त्यामुळे ही संज्ञा समर्पक आहे. परंतु तुंबा चाकात पक्का बसविलेला असतो आणि ‘नाभी’ या शब्दामुळेही जागा कायमची ठरलेली आहे असा भास होतो. बोलभाषेतील प्रयोग मात्र निराळे सुचवितो. निरीक्षक ‘फोकस केला’ असे म्हणतात, तसेच ‘फोकस लागला’ असेही म्हणतात, आणि अडचणीच्या वेळी तर दुसराच प्रयोग हमखास येतो. ‘लागणे’ या क्रियापदाचा मराठीतील व्यवहार लक्षणीय आहे. दार लागते, नेम लागतो, ठाव लागतो, सूर लागतो. या प्रत्येक प्रयोगात दोन गोष्टींची गाठ पडलेली असते आणि ती कर्त्याच्या केवळ इच्छेवर अवलंबून नसते. गायकाने सूर लावला तरी तो लागतोच असे नाही. ‘फोकस लागणे’ या प्रयोगात नाभी हा बिंदू नसून आरशाची प्रतिमा आणि तिला ग्रहण करणारे साधन यांची भेट आहे. उपकरणाच्या इतिहासाशी पाठ्यपुस्तकातील संज्ञेपेक्षा हा बोलीतील प्रयोग अधिक जुळतो.

३. डोळा आणि काच

न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्तक दुर्बीण घडविली. अंतर्वक्र आरशाने एकवटलेले किरण नळीच्या तोंडाशी असलेल्या लहान तिरक्या सपाट आरशावर पडतात आणि नळीच्या बाजूस बाहेर वळतात, ही त्याची रचना आजही तशीच वापरात आहे. या रचनेत प्रतिमा नळीच्या भिंतीबाहेर थोड्याच अंतरावर तयार होईल अशी योजना असते, आणि ती सहेतुक असते. प्रतिमा जितकी बाहेर काढावी तितका तिरका आरसा मुख्य आरशाकडे सरकतो. तेथे किरणांचा शंकू रुंद असल्याने तिरका आरसा मोठा घ्यावा लागतो, आणि तो मोठा झाला की येणारा प्रकाश अधिक अडवितो. डोळ्यास नेत्रिकेच्या मागे बोटभर जागा पुरते. म्हणून केवळ पाहण्यासाठी केलेल्या दुर्बिणीत प्रतिमा शक्य तितकी नळीलगत ठेवणे हेच उत्तम कारागिरीचे लक्षण मानले गेले. आज कॅमेरा लावणाऱ्यास नडणारी गोष्ट मूळ कर्त्याच्या दृष्टीने गुण होती.

शिवाय डोळा क्षमाशील असतो. प्रतिमा किंचित पुढेमागे पडली तरी तो आपल्या भिंगाची वक्रता बदलून ती सांभाळून घेतो. छायाचित्रणाच्या काचेस ही शक्ती नाही. छिद्रगुणोत्तर एफ/८ असलेल्या दुर्बिणीत प्रतिमेच्या उत्तम पातळीपासून दोन्ही बाजूंस सुमारे ०.०७ मि.मी. एवढेच अंतर चालते. एफ/५ मध्ये ते ०.०३ मि.मी.च्याही आत येते. डोळ्याची जागा काचेने घेताच बोटभर जागेचा आणि केसाएवढ्या अचूकतेचा, असे दोन प्रश्न एकदमच उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नांना निकड आली. १८५६-५७ च्या सुमारास काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची कृती दुर्बिणीच्या आरशासाठी वापरात आली आणि तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे जड, लवकर काळवंडणारे आरसे मागे पडले. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनयुक्त कोरड्या काचेची पद्धत मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. ओली काच काही मिनिटांत सुकून निकामी होत असे. कोरड्या काचेवर तासभरही प्रकाश साठविता येऊ लागला. पाहणे आणि साठविणे यांतील हा भेद निर्णायक ठरला. काही क्षणांत डोळ्यास जेवढे दिसते त्याहून पुढे तो कितीही वेळ पाहत राहिला तरी जात नाही. काच मात्र मिनिटागणिक अधिक ग्रहण करते.

इंग्लंडमधील ए. ए. कॉमन याने या शक्यतेचा पुरा उपयोग केला. व्यवसायाने तो इमारतींच्या आरोग्यव्यवस्थेच्या कामातील अभियंता होता. लंडनजवळील ईलिंग येथे १८७९ मध्ये त्याने ३६ इंची परावर्तक दुर्बीण उभारली. तिचा आरसा कॅल्व्हरने घडविला होता. ३० जानेवारी १८८३ रोजी त्याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे ३७ मिनिटांचे छायाचित्र घेतले. दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहताना न दिसणारे तारे त्या काचेवर उमटले. याच कामगिरीसाठी १८८४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यास सुवर्णपदक दिले. कॉमनने काच धरणारी चौकट दोन काटकोनी दिशांना स्क्रूने सरकेल अशी केली होती. संपूर्ण दुर्बीण सूक्ष्मपणे हलविण्याऐवजी काचच ताऱ्याच्या मागे हलवावी, ही कल्पना ग्रहणसाधनास केंद्रस्थान देणारी आहे.

ही दुर्बीण १८८५ मध्ये क्रॉसले याने विकत घेतली आणि १८९५ मध्ये अमेरिकेतील लिक वेधशाळेस दिली. तेथे १८९८ पासून जेम्स कीलरने तिच्यात अनेक फेरफार केले. तिचा आधारस्तंभही दोन फुटांनी कमी करण्यात आला. त्यानंतर १९०० मध्ये अकाली मृत्यू येईपर्यंतच्या अल्प काळात त्याने तेजोमेघांची जी छायाचित्रे घेतली त्यांवरून सर्पिल तेजोमेघ आकाशात हजारोंच्या संख्येने असले पाहिजेत हे उघड झाले. आरसा तोच, आकाशही तेच. निष्पत्ती बदलली ती आरशाच्या भोवतालच्या रचनेतील फेरफारांमुळे.

४. पुण्याची वेधशाळा

याच काळात पुण्यात एक मोठी परावर्तक दुर्बीण आली. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. तेथील भौतिकशास्त्राचे अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) १८८४ मध्ये साहित्य मिळविण्यासाठी इंग्लंडला गेले असता केवळ प्रयोगशाळेऐवजी वर्णपटविषयक वेधशाळाच उभारावी, असा सल्ला त्यांना मिळाला. मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश अनुकूल म्हणून वेधशाळा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये व्हावी असे ठरले, आणि १८८८ मध्ये महाराज तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेली २० इंची परावर्तक दुर्बीण हे तिचे मुख्य उपकरण होते. त्या काळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

या वेधशाळेत दुर्बिणीच्या टोकाशी असलेले महत्त्वाचे साधन वर्णपटदर्शक होते, हे लक्षात घेतले पाहिजे. वर्णपटदर्शकाची फट नेमकी प्रतिमेच्या पातळीत असावी लागते. ती पुढेमागे झाली तर प्रकाश फटीच्या कडांवर पसरून वाया जातो आणि रेषांचा वेध अविश्वसनीय ठरतो. म्हणजे कॅमेऱ्यास लागणारी शिस्तच फटीस लागते. या शिस्तीचे फळ १८९१ मध्ये दिसले. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, असे लॉकियरचे मत होते आणि त्यावर त्याने आपल्या उल्काविषयक उपपत्तीचा एक आधार ठेवला होता. तसे असते तर ती रेषा एका बाजूस पुसट व्हावयास हवी होती. सर्व परिस्थितींत ती रेषा अरुंद व रेखीवच दिसते, असे नायगमवालांनी पुण्याहून नोंदविले. पुढे १९२७ मध्ये बोवेनने ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे दाखविले. रेषा ‘रेखीव आहे’ हे विधान करण्यासाठी प्रथम ती उपकरणात रेखीव मिळवावी लागते. त्या विधानाचा सारा भार नाभीच्या जुळणीवर होता.

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रातून दिसले. नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला आणि त्याचा अहवाल पुढे १९०२ मध्ये वेधशाळेचे प्रकाशन म्हणून निघाला. जेऊरलाच लिक वेधशाळेचे पथक कॅम्पबेलच्या नेतृत्वाखाली आले होते. त्याच्याजवळ शेबर्ले याने आखलेला ४० फुटी कॅमेरा होता. भिंग उंचावर, काच खाली जमिनीलगत आणि मध्ये प्रकाश अडविणारी लांब नळी, अशी त्याची रचना होती. सूर्याच्या गतीप्रमाणे सरकत असे ती काच. भिंग स्थिर राही. डोळ्यासाठी या उपकरणात जागाच ठेवलेली नव्हती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची असल्याने नाभी आधीच निश्चित करून ठेवणे भाग होते. डोळ्यासाठी घडविलेल्या उपकरणात काच सामावून घेणे आणि काचेसाठीच उपकरण घडविणे, हे दोन मार्ग एकाच दशकात महाराष्ट्राशी संबंधित वेधांत दिसतात.

१९११ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, त्याबरोबर वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. २० इंची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती तेथे कार्यास लागली. पुण्याचे नुकसान केवळ एका दुर्बिणीचे नव्हते. अशा उपकरणाच्या टोकाशी काय बसवावे, ते कसे जुळवावे, ऋतुमानाप्रमाणे जुळणी किती बदलते, हे ज्ञान वापरणाऱ्याच्या हातात राहते. नायगमवालांच्या मागे ते पुढे नेणारी परंपरा वेधशाळेत उभी राहिली नाही. ज्या आवारात ही वेधशाळा होती तेथे यंत्रकाम शिकविले जात होते; तरीही यंत्रकाम आणि वेध या दोन विद्यांची गाठ कायम राहिली नाही.

५. औद्योगिक पट्टा आणि हौशी निरीक्षक

ती गाठ पुन्हा पडली ती निराळ्या मार्गाने. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि आकाशनिरीक्षणाची हौस संघटित झाली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-चिंचवड भागात कारखाने व लहान यंत्रशाळा वाढल्या. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे हा विस्तार नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचला. १९८८ मध्ये, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, पुण्यात आयुका ही संस्था जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. तेथील कार्यशाळांतून हौशी मंडळी स्वतः काच घासून आरसे बनवू लागली. लेथवर काम करणारा आणि आकाश पाहणारा हे एकाच वस्तीत, क्वचित एकाच घरात राहू लागले.

या पार्श्वभूमीवर आरंभीच्या तक्रारीचे गणित मांडता येते. उदाहरणादाखल १५० मि.मी. व्यासाचा व १,२०० मि.मी. नाभीय अंतराचा आरसा घेऊ. दुर्बिणीच्या अक्षापासून नळीच्या बाह्य भिंतीपर्यंत ९५ मि.मी. आणि पूर्ण आत ढकललेल्या फोकसरची उंची ६५ मि.मी. धरली, तर फोकसरचे तोंड अक्षापासून १६० मि.मी.वर येते. नेत्रिकेसाठी प्रतिमा त्याच्या थोडी वर, समजा १७५ मि.मी.वर, ठेवलेली असते. आता कॅमेरा पाहू. आरसायुक्त डिजिटल कॅमेऱ्यात संवेदक पुढील कड्याच्या बराच मागे असतो. कॅननमध्ये हे अंतर ४४ मि.मी., निकॉनमध्ये ४६.५ मि.मी. आहे. दुर्बिणीस जोडणाऱ्या प्रचलित कड्यासह ते ५५ मि.मी. धरले जाते. म्हणजे संवेदक अक्षापासून कमीत कमी २१५ मि.मी.वर येणार आणि प्रतिमा मात्र १७५ मि.मी.वर थांबणार. तफावत ४० मि.मी.ची.

ही तफावत भरून काढण्याचे मार्ग मोजके आहेत. पहिला आणि मूलगामी मार्ग म्हणजे मुख्य आरसा नळीत तेवढाच वर सरकविणे. तो जितका पुढे येतो तितकीच प्रतिमा बाहेर सरकते. यासाठी आरशाच्या बैठकीस नवी भोके पाडतात, लांब आट्यांचे स्क्रू घालतात किंवा नळीच मागून कापतात. यंत्रशाळेच्या भाषेत हे काम सुमारे साडेबारा सुतांचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसरा मार्ग बुटका फोकसर बसविण्याचा. तिसरा मार्ग आरसाविरहित कॅमेरा वापरण्याचा. त्यात कड्यापासून संवेदकाचे अंतर सामान्यतः १६ ते २० मि.मी. एवढेच असल्याने, जोडणीचे कडेही तितकेच आखूड मिळाले, तर बरीचशी तफावत आपोआप मिटते. चौथा मार्ग बार्लो भिंगाचा. हे अपसारी भिंग प्रतिमा बाहेर ढकलते. परंतु ते प्रतिमा दुप्पट मोठी करीत असेल तर तितकाच प्रकाश साठविण्यास चौपट वेळ लागतो. चंद्र व ग्रह यांना तो चालतो, तेजोमेघांना परवडत नाही.

पहिल्या मार्गाचीही किंमत आहे. तिरक्या आरशापाशी किरणशंकूची रुंदी पूर्वी सुमारे २२ मि.मी. होती, ती सुमारे २७ मि.मी. होते. २२ मि.मी. रुंदीचा संवेदक कडेपर्यंत पूर्ण उजळावयाचा तर तिरका आरसा ४५ मि.मी.चा लागेल, आणि तो मुख्य आरशाच्या क्षेत्रफळाचा ९ टक्के भाग झाकील. कडा किंचित अंधाऱ्या झालेल्या चालत असतील तर ३२ मि.मी.चा आरसा पुरतो आणि केवळ साडेचार टक्के प्रकाश अडतो. शिवाय कॅमेऱ्याच्या वजनाने नळीचे तोंड जड होते व तिचा तोल नव्याने साधावा लागतो. आरसे पुन्हा एका रेषेत आणावे लागतात. तापमानाचाही विचार आहे. १,२०० मि.मी. लांबीची ॲल्युमिनियमची नळी तापमान १० अंशांनी उतरले असता पाव मिलिमीटरहून अधिक आखडते. चालण्याजोगी तफावत ०.०७ मि.मी. असल्याने संध्याकाळी लागलेला फोकस मध्यरात्री सुटतो आणि तो पुन्हा लावावा लागतो.

या खटाटोपाचे कारण केवळ छायाचित्रांची हौस नव्हे. औद्योगिक पट्ट्यातील रात्रीच्या दिव्यांनी आकाश इतके उजळलेले असते की मंद तेजोमेघ डोळ्यास त्या उजेडात वेगळे दिसत नाहीत. कॅमेरा मात्र अनेक अल्पकालीन छायाचित्रे घेतो. ती एकत्र करून आकाशाचा सरासरी उजेड वजा करता येतो. भोसरीच्या गच्चीवरून मृगाच्या तेजोमेघाचा विस्तार पाहावयाचा तर डोळ्याने भागत नाही. ज्या कारखानदारीने आकाश उजळले तिच्याच यंत्रविद्येने दुर्बीण बदलून घ्यावी लागते.

६. नाशिक रस्त्याच्या परिसरातील मोठी उपकरणे

चाकणवरून उत्तरेकडे जाणाऱ्या याच रस्त्याच्या परिसरात दोन मोठी संशोधनकेंद्रे आहेत आणि दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडविलेला दिसतो. गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाल्यापासून मध्ये ९४ वर्षे लोटली होती. गिरवलीची दुर्बीण कॅसेग्रेन रचनेची आहे. तीत किरण दुसऱ्या बहिर्वक्र आरशावरून परतून मुख्य आरशाच्या मध्यातील छिद्रातून मागे येतात. या रचनेचा मोठा लाभ असा की दुसरा आरसा थोडा हलविला तरी नाभी पुष्कळ सरकते. तो आरसा प्रतिमा चौपट वाढवीत असेल तर त्याच्या १ मि.मी. सरकण्याने नाभी मुख्य आरशाच्या मागे १७ मि.मी. सरकते. न्यूटनच्या रचनेत आरी घेऊन करावे लागणारे काम येथे स्क्रूच्या अंशमात्र फेऱ्याने होते.

परंतु येथे प्रश्न दुसऱ्या रूपात आला. छिद्रगुणोत्तर एफ/१० म्हणजे नाभीय अंतर २० मीटर. अशा नाभीत पूर्ण चंद्राची प्रतिमा सुमारे १८ सें.मी. रुंद पडते, तर संवेदकाची रुंदी तीन सेंटिमीटरही नसते. यासाठी दुर्बिणीच्या मागे मध्यस्थ भिंगसमूह असलेला कॅमेरा व वर्णपटमापक बसविला आहे. तो एफ/१० चे एफ/४.५ करतो, त्यामुळे संवेदकावर पावणेपाच कलांऐवजी सुमारे साडेदहा कला रुंदीचे आकाश मावते. बार्लो भिंग जे करते त्याच्या उलट हे कार्य आहे.

नारायणगावजवळ खोडद येथील मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० परावर्तक तबकड्यांची आहे. तिच्या नाभीशी वेगवेगळ्या तरंगलांबींची ग्रहणसाधने एका फिरत्या चौकटीवर बसविली आहेत. हवे ते साधन फिरवून नाभीत आणता येते. २०१९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या सुधारणेत तबकड्या त्याच ठेवून ग्रहणसाधने अधिक विस्तृत पट्ट्यांची केली. परावर्तक कायम आणि ग्रहणसाधन बदलते, ही गोष्ट येथे आरंभापासूनच आराखड्यात धरलेली होती.

७. समारोप

दुर्बिणींचे इतिहास सामान्यतः व्यास, कर्ता, देणगीदार आणि स्थापनेचे वर्ष यांच्या आधारे लिहिले जातात. वरील विवेचनावरून दिसेल की उपकरणाची निष्पत्ती या चार गोष्टींवर जितकी अवलंबून असते तितकीच, स्थापनेनंतर कोणी त्यात काय बदलले यावरही असते. कॉमनची दुर्बीण कीलरच्या हाती गेल्यावर अधिक फलदायी झाली, कारण ती बदलणारा हात तिला मिळाला. पुण्याची दुर्बीण दूर गेली, कारण एका व्यक्तीच्या निवृत्तीनंतर तसा हात येथे उरला नाही. हा भेद आरशांच्या गुणवत्तेचा नव्हता.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आज जे हौशी निरीक्षक आरशाची बैठक वर घेतात, नळी कापतात, जोडणीचे कडे लेथवर करून घेतात, ते नकळत याच परंपरेत काम करीत आहेत. त्यांचे हे ज्ञान बहुधा तोंडी राहते. किती सूत सरकविले, तिरका आरसा किती व्यासाचा घेतला, कोणत्या महिन्यात फोकस किती सुटला, ही मापे तारीखवार मराठीत लिहून ठेवणे कोणासही शक्य आहे. तसे झाल्यास पुढील कारागिरास प्रारंभापासून चाचपडावे लागणार नाही आणि ‘बैठक’, ‘आटे’, ‘सूत’, ‘फोकस लागणे’ यांसारख्या शब्दांसह या विद्येची परिभाषाही प्रत्यक्ष व्यवहारातून घडलेली मिळेल.